क्रेडिटसाठी जमवलेली सासुरवाडी

आमची ही गेली, असा इस्पितळातून फोन आला तेव्हा मी तिच्याच उसनवारी केंद्रात खुर्च्या पुसत होतो. डॉक्टर म्हणाले होते, लवकरच घरी सोडू. म्हणून केंद्र चकाचक करायला घेतलं होतं. फोन ठेवला आणि उरलेल्या खुर्च्याही पुसल्या. दुसरं काही सुचेना.

समोर टिपकागद बसली होती. टिपकागद म्हणजे विद्यापीठातून आमच्याकडे इंटर्नशिपला आलेली मुलगी. कोणी शिंकलं तरी लिहून घ्यायची, म्हणून हिने ठेवलेलं नाव. मी बातमी सांगितली तशी ती ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "काका, आता माझ्या क्रेडिटचं काय?" आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "सॉरी काका! मी काय बोलले हे!"

मला उलट बरं वाटलं. उत्तर देता येईल असा त्या दिवशी तो एकच प्रश्न होता.

"तुझे क्रेडिट मी मिळवून देतो!" मी छाती ठोकून सांगितलं. "उभा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलाय. वस्तू द्यायच्या आणि परत घ्यायच्या, यात काय मोठंसं?"

शिडी, ड्रिल मशीन, कुबड्या, मोठी पातेली... वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू हिने एका खोलीत जमवल्या होत्या. लोक त्या न्यायचे, आणून द्यायचे. टिपकागद समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकते. वस्तू न्यायला आलेले लोक बसून गप्पा का मारतात, हा तिचा विषय. ठरलेलं काम पुरं झालं आणि मार्गदर्शकाने, म्हणजे हिने, मूल्यमापन दिलं की विद्यापीठ क्रेडिट देतं. क्रेडिट नाहीत तर पदवी नाही. आणि पदवी लांबली तर पुढचं शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं.

दिवसकार्य आटोपलं आणि मी केंद्र उघडलं. पहिल्याच दिवशी एक आजी आल्या.

"घडीची खुर्ची दे रे बाबा."

"कशासाठी?"

"बसायला!"

"ते झालं. कोण बसणार? कधीपर्यंत? जुनी खुर्ची मोडली असेल तर ती आधी जमा करा. नवी मिळेल."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचे दातच जमा करायला सांगितले! "तुझी बायको मला आधी बसवायची," त्या म्हणाल्या, "आणि मग विचारायची काय हवंय." आणि निघून गेल्या. खुर्ची न घेताच!

टिपकागद हळूच म्हणाली, "काका, स्टोअरमध्ये लोक गप्पा मारायला यायचे का हो?"

"आले तर हाकलायचो. म्हणून तर हिशेब चोख असायचा!"

आठवडाभरात हिशेब इतका चोख झाला, की एकही वस्तू बाहेर गेली नाही. कारण एकही माणूस आत आला नाही. आणि नेमका तेव्हाच टिपकागदच्या विद्यापीठातल्या मॅडमचा फोन आला. इंटर्नशिप नीट चालली आहे का, ते पाहायला त्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या!

"काका, मेले मी!"

"मरायचं नाही. आपण माणसं आणू."

मी सासुरवाडीला फोन लावला. मला माझी अशी माणसं उरलेली नाहीत. जी आहेत ती हिच्यामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा, त्याची मुलगी, मेहुणी आणि साडू असे चौघे दाखल झाले. मी तालीम घेतली. "आपण एकमेकांना ओळखत नाही. मला फक्त साहेब म्हणायचं. वस्तू मागायची, बसायचं, गप्पा मारायच्या. समजलं?"

"समजलं भावोजी!" मेहुणा म्हणाला. मी तालीम पुन्हा पहिल्यापासून घेतली.

मॅडम आल्या. बारीक चणीच्या, गळ्यात चष्मा. कोपऱ्यात बसल्या. प्रयोग सुरू झाला.

साडू पुढे आला आणि लग्नात भाषण करावं तसा ओरडला, "नमस्कार, अनोळखी साहेब! मला शिडी हवी आहे!"

"कशासाठी?" माझ्या तोंडून सवयीने गेलं.

साडू गडबडला. हा प्रश्न तालमीत नव्हता. "अहो, तुम्हीच तर सांगितलंत शिडी माग म्हणून!"

"त्यांना वर चढायचं असेल," मेहुणी मध्ये पडली. "द्या ना भावो... साहेब! आणि मला पातेलं."

"आतोबा, मला ड्रिल!" मेहुण्याची मुलगी म्हणाली. तिच्या बापाने तिला चिमटा काढला. "आई गं! साहेब आतोबा!"

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खाटकाच्या दुकानापुढे मांजर बसतं तशा त्या सावरून बसल्या. टिपकागद माझ्या कानात पुटपुटली, "काका, घात झाला. मॅडमनी सगळं आयुष्य नातेसंबंधांचा अभ्यास केलाय!"

हे तिने आदल्या दिवशी सांगायचं होतं!

"आतोबा म्हणजे आत्याचे यजमान," मॅडम खुशीत म्हणाल्या. "म्हणजे हिचे वडील तुमचे मेहुणे. आणि या बाई मघाशी भावोजी म्हणता म्हणता थांबल्या, म्हणजे मेहुणी. मग शिडीवाले गृहस्थ?"

"साडू!" साडू अभिमानाने म्हणाला. त्याला लपवाछपवी कधीच जमली नाही.

मॅडमनी कागद काढला. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. पेन्सिल भराभर चालली. आम्ही सगळे आपापला त्रिकोण शोधायला कागदावर वाकलो.

"मला जरा जाड काढा," साडू म्हणाला.

"मला वर्तुळ का? मी एवढी गोल आहे?" मेहुणी म्हणाली.

मेहुणा खो खो हसला. मीसुद्धा हसलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"गंमत पाहा," मॅडम म्हणाल्या. "साहेब हे इथे कडेला. बाकी सगळ्यांच्या रेघा या एका वर्तुळातून त्यांच्यापर्यंत येतात. या आज आल्या नाहीत का?"

टिपकागदने मॅडमच्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्या वर्तुळावर एक तिरपी रेघ ओढली. कोणी वारलेलं असलं की अशी रेघ काढतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, पोरीने खोडलं का हिला? मेहुणीने पदर तोंडाला लावला.

"माझ्या मार्गदर्शक होत्या," टिपकागद म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. मग स्वतः उठून त्यांनी मेहुणीला पाणी दिलं.

जाताना त्यांनी मला दाराशी बोलावलं. "क्रेडिट दयेवर देता येत नाहीत, साहेब. आज इथे केंद्र नव्हतं, तुमचं घर होतं. सत्र संपेपर्यंत केंद्र खरोखर चालवा. माणसं आली, बसली, बोलली, तर हिचं काम पुरं होईल. मार्गदर्शक म्हणून मूल्यमापन तुम्ही लिहा. जमेल?"

"त्यात काय मोठंसं!" मी म्हणालो. जित्याची खोड!

कशासाठी, हे विचारणं मी बंद केलं आहे. मूल्यमापनाला लागणार म्हणून टिपकागदला विचारलं, "ही तुझ्याबद्दल काय म्हणायची गं?"

"काकू म्हणायच्या, हिला काम येत नाही, पण ऐकता येतं."

"आणि माझ्याबद्दल?"

"उलटं," ती म्हणाली.

आता लोक पुन्हा येतात. आजी खुर्ची घेऊन गेल्या. मी चहा विचारतो. नको म्हणतात, वस्तू उचलतात आणि जातात. टिपकागद पेन उघडून वाट बघते. अजून कोणी बसलेलं नाही.