गुआम धरलंय का?

शिरोडकरकाकांच्या घरातला अमेरिकेचा नकाशा हॉलमध्ये सुरू होतो आणि किचनमध्ये संपतो.

मी वाढवून सांगत नाहीये. नकाशा दुकानातलाच आहे, पाच फूट रुंद, सोफ्याच्या वर लावलेला. पण असल्या नकाशांत अलास्का आणि हवाई खाली कोपऱ्यात चौकटी करून बसवतात आणि गुआम तर छापतच नाहीत. काका पडले सिव्हिल इंजिनिअर. त्यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी टेप घेतली, स्केल काढली आणि कॅलिफोर्नियाच्या डावीकडून निळा कागद चिकटवायला सुरुवात केली. त्यांचा पॅसिफिक महासागर हॉलची भिंत संपवून कोटांच्या कपाटावरून जातो, म्हणजे कपाट उघडलं की समुद्र दुभंगतो. हवाई बेटं दिव्याच्या बटणाशेजारी येतात. तिथून समुद्र वळून किचनमध्ये शिरतो आणि कॅलिफोर्नियापासून बरोबर अकरा फुटांवर, मिक्सरच्या वर, एक चिंचोका चिकटवलेला आहे. ते गुआम.

"स्केलप्रमाणे एवढंच येतं," काका सांगतात. "मोजून बघ."

मी कशाला मोजतेय? माझ्या लेकीनं, इरानं, मोजलं आणि म्हणाली, "इट्स अ‍ॅक्चुअली करेक्ट, आई." तेव्हापासून काका तिला आर्किटेक्ट म्हणतात आणि मला नुसतं 'अगो'.

काका आमच्या पलीकडच्या घरात राहतात. आमच्या या ट्रॉय गावात मराठी माणसं पुष्कळ. गाड्यांच्या कंपन्यांत नाही तर आमच्यासारखी कॉम्प्युटरला जुंपलेली. त्यात काका सगळ्यांत जुने. मूळचे मालवणकडचे, वय सत्त्याहत्तर, घरात एकटे. मुलगी राधिका तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगते, "बाबा, इकडे या." काका म्हणतात, "येतो. आधी नकाशा कसा हलवायचा ते सांग." विषय संपला.

काकांचा एक ठरलेला प्रश्न आहे. टीव्हीवर कुणी म्हणालं की उद्या देशभर थंडी, की काका टीव्हीला विचारतात, "गुआम धरलंय का?" इथल्या मराठी मंडळाने एकदा 'अखिल अमेरिका नाट्यगीत स्पर्धा' जाहीर केली. काका सभेत उभे राहिले. "गुआम धरलंय का?" अध्यक्ष म्हणाले, काका, तिथे कोण गाणार नाट्यगीत? काका म्हणाले, "गाणार नाहीत ते वेगळं. धरलंय का?" शेवटी पत्रकात खाली बारीक अक्षरांत 'गुआमसह' असं छापावं लागलं. एन्ट्री अर्थातच आली नाही. काका मात्र ते पत्रक जपून ठेवून आहेत.

एकदा ते ऑनलाइन दुकानाच्या कस्टमर केअरशी भांडताना मी स्वतः ऐकलं. तिकडून कुणीतरी म्हणालं, सर, गुआमला नाही, आम्ही परदेशात पाठवत नाही. काका अतिशय शांतपणे म्हणाले, "बाळा, तुझ्यासमोर नकाशा आहे का?" पुढचा पाऊण तास त्या पोराने काय भोगलं ते त्यालाच ठाऊक.

गुआमचा इतिहास ते चहाबरोबर सांगतात. आधी स्पेन. मग एक दिवस अमेरिकेची युद्धनौका आली आणि तिने तोफा डागल्या. बेटावरच्या स्पॅनिश साहेबांना वाटलं, पाहुणे सलामी देतायत. ते होडीत बसून माफी मागायला गेले, की उलट सलामी द्यायची तर आमच्याकडे तोफेची दारू शिल्लक नाही. दोन देशांत लढाई लागलीय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. इथे काका डोळे पुसेपर्यंत हसतात, दर वेळी. मग नौदलाचं राज्य. नौदलाचा कप्तान तोच गव्हर्नर आणि तो म्हणेल तो कायदा. एकाने तर शीळ घालायलाच बंदी केली. मग जपानी आले, मग पुन्हा अमेरिका.

"मग नागरिक केलं," काका सांगतात. "पासपोर्ट दिला, फौजेत भरती दिली. राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत तेवढं दिलं नाही. आजतागायत नाही. घरात आहेत, पण घरचे धरत नाहीत."

त्या शीळबंदीचा निषेध म्हणून काका रोज सकाळी फिरायला जाताना शीळ घालतात. बर्फ असो की ऊन. सूर म्हणाल तर अजिबात नाही. त्यांच्या पलीकडच्या बाईने सोसायटीकडे तक्रार केली होती. काकांनी तिला बोलावून नकाशा दाखवला. ती आता ख्रिसमसला केक आणून देते आणि आपणहून दिव्याच्या बटणापाशी थांबून हवाई बघते.

राजकारणात मात्र आमचं कधी जमलं नाही. काका एका पक्षाचे, मी दुसऱ्याची. निवडणुकीच्या वर्षी त्यांच्या लॉनवर उन्हाळ्यापासून पक्षाची पाटी खोचलेली असते. वादात मी नागपूरची, ऐकून घेणारी नव्हे. पण हरायला लागले की काकांकडे हुकमी पान असे. "तू कशाला एवढी तापतेस? तुला मत कुठाय?"

खरंच नाही. मला इथे चौदा वर्षं झाली, अजून व्हिसावर आहे. ग्रीनकार्डच्या रांगेत उभं राहून राहून पाय दुखायचे थांबलेत. घर इथे, लेक इथे जन्मलेली, ती मोठी होऊन मत देईल. मी नाही. एकदा काका हे ऐकून चहाचा कप हातात धरून थांबले. म्हणाले, "चौदा वर्षं? आणि धरत नाहीत? म्हणजे तू चालतंबोलतं गुआमच की गो." मला राग आला होता. कुणी वर्मावर नेमकं बोट ठेवलं की येतो तसा.

तर गोष्ट गेल्या निवडणुकीची. त्या ऑगस्टपासून काकांची शीळ बंद होती. मला वाटलं, मोतीबिंदूमुळे असेल. एका डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरच्या शेवटी झालं, गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, मंगळवारी मतदानाला मी नेते. सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास किती वाजता निघायचं ते विचारायला आणि वांग्याची भाजी द्यायला गेले.

काका किचनमध्ये मिक्सरपाशी उभे होते. अंगात फुलाफुलांचा हाफ शर्ट, बाहेर नोव्हेंबर. हातात फोन. बोलत नव्हते, नुसता धरून उभे होते.

"कुणाचा यायचाय का?" मी विचारलं.

"यायचा नाहीये," ते म्हणाले. "पाचला यायचा. दर चार वर्षांनी."

मग खुर्चीवर बसले आणि कधी नव्हे ते नकाशाशिवाय बोलले.

तरुणपणी ते नोकरीसाठी गुआमला गेले होते, वादळात पडलेल्या घरांच्या जागी काँक्रीटची घरं बांधायला. बरोबर त्यांची बायको, सुमनकाकू, आणि दोन वर्षांची राधिका. वर्षाच्या आत काकू तापाने गेल्या. शेजारी एक बाई राहायच्या, तान रोझा. तान म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईला द्यायचा मान, आपलं काकू म्हणतो तसं. त्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन राधिकाला कडेवर घेतलं आणि चार वर्षं खाली ठेवलं नाही. काका साइटवर, मूल तिच्या अंगणात चिंचेखाली. काही देऊ केलं तर बाई हसायची.

"आम्ही इकडे आलो, मी सिटिझन झालो. शपथ घेतली त्या संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, तान, आता तरी सांग, तुला काय देऊ?" काका चष्म्याशी चाळा करत होते. "तिचा थोरला मुलगा व्हिएतनामला गेला होता, अमेरिकेच्या फौजेतून. आला नाही. ती म्हणाली, ज्याच्या हुकमावरून माझा पोरगा गेला, तो माणूस कोण असावा हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. इंजिनिअर, तू तिकडे आहेस, तुझं मत धरतात. चार वर्षांतून एकदा मला विचार."

गुआमलाही निवडणुकीच्या दिवशी राष्ट्राध्यक्षासाठी मतदान होतं, पण लुटुपुटीचं. लोक रांगा लावून देतात, कुणी धरत नाही. तिथला मंगळवार आपल्या आधी उजाडतो. तान रोझा सकाळी सातला रांगेत पहिली उभी राहायची आणि घरी येऊन आठला फोन करायची. तेव्हा इथे सोमवारचे संध्याकाळचे पाच. ती नाव सांगायची. दुसऱ्या दिवशी काका जाऊन तेच नाव भरून यायचे आणि मतदान केल्याचं जे स्टिकर मिळतं ते पाकिटात घालून तिला पाठवायचे.

मला एकदम लॉनवरची पाटी आठवली. "काका, आणि तुमचा पक्ष?"

"आठ वेळा दिलं तिच्यासाठी. सहा वेळा माझ्या विरुद्ध गेलं," काका म्हणाले. "दोनदा तीही शहाण्यासारखी वागली."

"मग ती पाटी कशाला?"

"पाटी माझी आहे. मत तिचं."

मला हसू आलं, आणि लगेच हसवेना. कारण ते पुढे म्हणाले, तान ऑगस्टमध्ये गेली. त्र्याण्णव वर्षांची होती. तिकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस संध्याकाळी जपमाळ करतात, तिची नात फोनवरून दाखवायची आणि काका इथे पहाटे पाचला आंघोळ करून फोनसमोर बसायचे. आम्ही पलीकडच्या घरात, आम्हाला पत्ता नाही.

"सांगायचं तरी, काका."

"काय सांगणार गो? गुआम कुठे आहे हे सांगण्यातच सुतकाचे दिवस संपले असते."

मला इतकी शरम वाटली. चिंचोक्यावरून मीच सगळ्यांत जास्त हसले होते. तो तान रोझाच्या अंगणातला चिंचोका होता; कुठला, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी त्यांना शाळेच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. मतदान तिथल्या जिममध्ये होतं. गाडी लावली तरी काका उतरेनात. तोच फुलाफुलांचा शर्ट, वर जाड कोट.

"काय झालं?"

"मत रिकामं आहे यंदा," ते म्हणाले. "माझ्या मनाने द्यायची सवय राहिली नाही. तू सांग."

"मी?"

"चौदा वर्षं झाली ना? सांग. कुणाला देऊ?"

आता एरवी मला विचारायची खोटी की मी तासभर बोलते. सगळ्यांची नावं, कुणाचं काय चुकतं, सगळं तोंडपाठ. पण त्या दिवशी ते खरंच धरलं जाणार होतं. मत धरणार नसतं तेव्हा बोलायला काय जातं? मी स्टिअरिंगला धरून बसले. इराचा विचार केला, व्हिसाचा केला, न पाहिलेल्या त्या बाईच्या पोराचासुद्धा केला. दहा मिनिटं तरी गेली असतील. काका घाई करत नव्हते. काचेतून रांगेकडे बघत होते.

मग मी नाव सांगितलं.

काकांनी कपाळाला हात लावला. "अगो, किती चुकतेस तू."

"मग तुमच्या मनाने द्या."

"असं कसं? मत तुझं आहे," ते म्हणाले आणि दार उघडून उतरले. पांढऱ्या पट्टीचा डोळा एकीकडे, एक हात कठड्यावर, सावकाश पायऱ्या चढत आत गेले.

अर्ध्या तासाने आले. सीटबेल्ट लावला. खिशातून स्टिकर काढलं, त्याची मागची पट्टी सोलायला त्यांना वेळ लागला, दिसत नव्हतं नीट. मी मदत करू लागले तर हात बाजूला केला. मग ते माझ्या कोटावर लावलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

"ऑफिसात लावून जाऊ नकोस, लोक विचारतील," ते म्हणाले. "पण यात तुला धरलंय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. गाडी सुरू करायला जरा वेळ लागला. सिग्नलपाशी आलो तेव्हा शेजारून शीळ ऐकू आली, तीच, बेसूर. मी त्यांच्या बाजूची उघडी राहिलेली काच वर केली, म्हणजे त्यांना वारा लागायला नको.