फळीवरचा भार

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या घरात, गिटार शिकवायच्या खोलीत भिंतीवरून बादली पडली. गिटार पडली नाही, कारण ती अजून टांगलेलीच नव्हती. बादलीत बावीस लिटर पाणी होतं.

बादली टांगणारा माणूस सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर होता. लिफ्टवर सहा माणसांची परवानगी लिहिलेली असली तर ती सहा माणसं पेलते, यावर त्याचा विश्वास नव्हता. तेवढ्याहून जास्त वजन घालून, वर-खाली नेऊन, घड्याळ लावून तो खात्री करून घेत असे. एकोणीस वर्षं हेच काम केल्यामुळे ही सवय घरातही शिरली होती. हुकाच्या पाकिटावर ‘सात किलोपर्यंत’ असं छापलं होतं. गिटार होती दोन किलो तीनशे ग्रॅम. दुसऱ्या कुणी ती सरळ टांगून चहा घेतला असता. इन्स्पेक्टरने दोन किलो तीनशेला दहाने गुणलं आणि न्हाणीघरातून मोठी बादली आणली.

चाचणी दहा मिनिटांची होती. नऊ मिनिटं हुक जागचा हलला नाही. दहाव्या मिनिटाला तो तळहाताएवढा भिंतीचा तुकडा सोबत घेऊन खाली आला.

“अहो, काय पडलं?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

“बादली.”

“बादली तिथे कशाला?”

“गिटार पडू नये म्हणून.”

बायको दारात येऊन उभी राहिली. ती मुलांना गिटार शिकवत असे, म्हणून अख्खी इमारत तिला ‘बाई’ म्हणे. बाईंनी आधी जमिनीवरचं तळं पाहिलं, मग भिंतीतलं भोक, मग नवरा. “बाबा पाचला येतायत,” एवढंच त्या म्हणाल्या.

ते त्याला सांगायची गरज नव्हती. बाईंचे वडील गिटारी बनवत आणि दुरुस्त करत. भिंतीवर टांगायच्या तीन गिटारींपैकी एक त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेली होती आणि लग्नात लेकीला दिलेली होती. सहा वर्षांपूर्वी, जुन्या घरात, जावयाने ती एका खिळ्यावर अडकवली. खिळा मजबूत दिसत होता, म्हणून त्याने तपासला नाही. आयुष्यात न तपासलेली ती एकच वस्तू. तिसऱ्या दिवशी गिटार खाली आली आणि तिची मान मोडली. सासरे आले, एक अक्षर न बोलता तुकडे चादरीत बांधून घेऊन गेले. गिटार त्यांनी जोडली, पण परत दिली नाही. सहा वर्षांत लेकीने कधी मागितलीही नाही. फक्त त्यांच्या घरी गेली की ती उतरवून अर्धा तास वाजवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. हे इन्स्पेक्टर प्रत्येक वेळी समोर बसून बघत असे.

शुक्रवारी सासऱ्यांनी ती अचानक पाठवून दिली. सोबत निरोप होता, ‘रविवारी पाचला बघायला येतो. भिंतीवर नीट दिसली तर राहू दे. नाही तर परत नेईन.’

तेव्हा आता बादली पडली होती आणि हातात सात तासही नव्हते.

पाणी पुढच्या दाराखालून जिन्याच्या बाजूला निघालं. बाई पोतेरं घेऊन धावल्या, तरी अर्धा मगभर पाणी बाहेर गेलं आणि लिफ्टच्या दारापासून वीतभर अंतरावर थांबलं. इन्स्पेक्टरने त्याच्याकडे वाकून पाहिलं. मग तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन चार मजले उतरला, लिफ्टचं मुख्य बटण बंद केलं, त्यावर कुलूप लावलं आणि लाल पाटी अडकवली. ‘तपासणी बाकी. हात लावू नये.’ खाली सही.

“अर्धा मग पाणी होतं,” तो वर आल्यावर बाई म्हणाल्या. “मी पुसलंसुद्धा.”

“शाफ्टच्या तोंडाशी होतं. नियम आहे.”

“मग उघडणार कधी?”

“तीनला तपासतो. आधी भिंत.”

सुतार साडेअकराला आला. धापा टाकत आला, कारण त्याला चौऱ्याऐंशी पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. “साहेब, लिफ्ट बंद आहे वाटतं.”

“हो. तपासणी व्हायचीय.”

“कोण करणार?”

“मी.”

“मग करून टाका की.”

“आधी भिंत,” इन्स्पेक्टर म्हणाला.

सुताराने बोटाच्या पेराने भिंत ठोकली. ती ढब ढब वाजली. “ही पोकळ आहे साहेब. बाहेरून नुसता पातळ बोर्ड, आत हवा. हिच्यात हुक मारणं म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात मारणं. पण आत उभे लाकडी पट्टे असणार.” तो ठोकत ठोकत पुढे सरकला. एका जागी आवाज टक् आला. तिथे त्याने पेन्सिलने फुली मारली. अशा तीन फुल्या मिळाल्या. “आता एक जाड फळी आणतो. ती या तीन पट्ट्यांना स्क्रूने पकडायची आणि हुक फळीत मारायचे. मग गिटारच काय, तुम्हाला टांगलं तरी हलणार नाही.”

सुताराने हे सहज म्हटलं होतं. पुढे जे झालं त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं बरोबर होणार नाही.

फळी आणायला, तासायला, पॉलिश मारून वाळवायला वेळ गेला. साडेतीनला ती भिंतीवर बसली. रुंद, सरळ, एका रेषेत तीन हुक, हुकांच्या तोंडाला रबर. मधल्या काळात तीन वाजून गेले होते, पण इन्स्पेक्टर तेव्हा फळीची दोन टोकं एका उंचीवर आहेत का ते मोजत होता.

सुतार हत्यारं भरून निघाला. “टांगा आता बिनधास्त,” तो म्हणाला.

बाईंनी वडिलांची गिटार पेटीतून काढली आणि दोन्ही हातांत धरून फळीसमोर उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टरने हात आडवा केला.

“चाचणी राहिलीय.”

“अहो, सहा मोठाले स्क्रू मारलेत त्याने.”

“खिळासुद्धा मोठाच होता.”

बाईंनी गिटार शेजारच्या खोलीत पलंगावर ठेवली. “मी खाली जाते. बाबा नेहमी वेळेआधी येतात. तुम्ही मागून या आणि तेवढी लिफ्ट सुरू करा. त्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही.”

“दहा मिनिटांत आलो,” तो म्हणाला.

हिशोब सोपा होता. तीन गिटारी सात किलो, दहापट सत्तर. पाण्याचा मार्ग आता बंद होता. घरात सत्तर किलोची एकच वस्तू होती, तीही अडुसष्ट भरत असे. इन्स्पेक्टरने कामावरचा सेफ्टी बेल्ट अंगावर चढवला, त्याचा पट्टा तिन्ही हुकांवरून सारखा ओवला, पाठीमागची कडी त्यात अडकवली आणि हातात दोन किलोची कपडे धुण्याच्या पावडरची पिशवी घेतली. स्टुलावर उभं राहून हे सगळं नीट जमलं. पण पाय स्टुलावर असले तर भार पूर्ण कसा म्हणायचा? त्याने पायाने स्टूल जरासं बाजूला सारलं.

जमीन सकाळी बावीस लिटर पाण्याने धुतलेली आणि नंतर दोनदा पुसलेली होती. स्टूल घसरत गेलं आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. त्याने ती वेळ मनात नोंदवली.

फळी हलली नाही. पाच मिनिटांनी हलली नाही, दहा मिनिटांनीही नाही. चाचणी यशस्वी झाली. आता उतरायचं राहिलं. पाय जमिनीपासून वीतभर वर होते. बेल्टची कडी अशी बनवलेली होती की अंगाचा भार असेपर्यंत ती उघडू नये. ही सुधारणा त्यानेच वरिष्ठांना पत्र लिहून सुचवली होती. फोन समोर, वह्या ठेवायच्या स्टँडवर होता. सव्वाचारला तो वाजला. मग चार सतराला वाजला. इन्स्पेक्टर भिंतीवरून त्याच्याकडे बघत राहिला. एकूण पाच वेळा वाजला.

चार एकतीसला दारात किल्ली फिरली. बाई आत आल्या, दाराला धरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, “बाबा सव्वाचारपासून वॉचमनच्या खुर्चीत बसलेत, आणि तुम्ही—” पुढचं वाक्य त्यांना नवऱ्याच्या उंचीमुळे बदलावं लागलं. “हे काय?”

“चाचणी.”

“झाली नाही अजून?”

“झाली. तेहेतीस मिनिटांपूर्वीच.”

“मग उतरा.”

“स्टूल.”

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या स्टुलापर्यंत गेल्या, पण ते उचललं नाही. त्यावर बसल्या.

“फळी पक्की आहे?”

“त्रेचाळीस मिनिटं लटकलोय.”

“म्हणजे पक्की. नंतर अजून एक चाचणी, अजून एक बादली, असलं काही नाही?”

“नाही.”

“लिहून द्या.”

बाईंनी स्टँडवरची वही आणि पेन त्याच्या हातात दिलं. पावडरची पिशवी त्यांनी काढून घेतली. इन्स्पेक्टरने लटकलेल्या अवस्थेतच लिहिलं, ‘फळी तपासली. सत्तर किलो, त्रेचाळीस मिनिटं. टांगण्यास हरकत नाही.’ सही केली, तारीख घातली. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि मगच स्टूल त्याच्या पायाखाली सरकवलं. चार छत्तीसला गिटार फळीवर होती. ती टांगल्यावर बाई दोन पावलं मागे गेल्या आणि त्यांनी फोनवर तिचा फोटो काढला.

खाली सासरे वॉचमनच्या खुर्चीत दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. “या, जावईबापू,” ते म्हणाले. “बरं असतं बघा तुमचं. घरी लिफ्टवाला असला की जिना चढायचा व्यायाम होतो.”

इन्स्पेक्टर लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरीचा उजेड टाकून आला. “कोरडं आहे. पण लिफ्ट आज सुरू करता येत नाही.”

“का?” बाईंनी विचारलं.

“पाटी काढायच्या आधी नोंदवहीत लिहावं लागतं. नोंदवही ऑफिसात आहे. आज रविवार.”

“हे सकाळी माहीत नव्हतं?”

“सकाळी पाणी दिसलं. रविवार दिसला नाही.”

बाईंनी फोनवर काढलेला फोटो वडिलांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “गिटार दिसतेय. स्क्रू दिसत नाहीत. खिळ्याचा फोटोसुद्धा चांगलाच आला असता.”

चार बावन्न झाले होते.

सासऱ्यांनी लाल पाटीकडे काठी केली. “ही कशापायी लावली?”

“पाणी गेलं होतं.”

“किती?”

“अर्धा मग.”

“आत गेलं?”

“नाही. वीतभर अलीकडे थांबलं. पण गेलं असतं.”

“आणि फळी कुणी तपासली?”

बाईंनी वहीचं पान पुढे केलं. सासऱ्यांनी ते सावकाश वाचलं. “सत्तर किलो काय टांगलं होतं?”

“यांनाच,” बाई म्हणाल्या. “मी वर गेले तेव्हा गिटारच्या जागी हे होते.”

सासरे हसले नाहीत. पान त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं.

“अर्ध्या मगासाठी,” ते म्हणाले. “मला वर यायची गरज नाही. राहू दे ती इथेच.” मग त्यांनी उजवा हात काठीवरून उचलून समोर धरला. तो थरथरत होता. “हल्ली पटाशी धरवत नाही मला. दुकान आवरतोय. बाहेर टॅक्सी थांबवलीय, तिच्यात चार आहेत अजून. मनासारखं नसतं तर पाचही घेऊन गेलो असतो. त्यासुद्धा त्याच फळीवर लावा. पण अशाच तपासून.”

लेकीने त्यांचा तो हात धरला.

इन्स्पेक्टरने हिशोब मांडला. “एकूण सात. तुमच्या चारांचं वजन?”

“नऊ किलो.”

“म्हणजे सोळा. दहापट एकशेसाठ.” त्याने सुताराला फोन लावला. “जरा परत येता? फळी लांबवायचीय. हो, आजच. आणि एक सांगा, तुमचं वजन किती?”

“चौऱ्याहत्तर. का हो साहेब?”

“या तुम्ही.”

अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर मिळून एकशे बेचाळीस होतात. अठरा किलो कमी पडत होते. इन्स्पेक्टरने बाईंकडे पाहिलं. “तुमच्या मनात आलंय ते विचारूसुद्धा नका,” बाई म्हणाल्या. सासरे एकसष्ट किलोंचे होते आणि तयारही होते, पण ते वर जाऊ शकत नव्हते, कारण लिफ्ट बंद होती.

सहा वाजून वीस मिनिटांपर्यंतची माहिती अशी. लिफ्टवर लाल पाटी आहे. चार गिटारींच्या पेट्या वॉचमनच्या खुर्चीमागे ओळीने उभ्या आहेत. सुतार नवी फळी खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर दम खात थांबला आहे. आपल्याला फक्त फळी बसवायला बोलावलं आहे, अशी त्याची समजूत आहे.