चुंबक खोटं बोलत नाही

"ही शेवटची संधी," बायको म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागचा चढ. माझी आई आली की तिला मागे बसवून, मध्ये एकदाही न थांबता गाडी वर गेली पाहिजे. थांबली तर विकायची. कबूल?"

"कबूल," इंजिनसाहेब म्हणाले.

हे नाव बायकोनेच ठेवलेलं. एरवी साहेब कॉलेजात ग्रंथपाल होते आणि ग्रंथालयातली इंजिनावरची सतराच्या सतरा पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती. दुसरं कुणी मागायलाच येत नसे, मग करणार काय? गाडी चौदा वर्षांची, टर्बोवाली, दिसायला अजून झोकात. पण चढ लागला, गाडीत चार माणसं असली, की इंजिन खडखडायला लागे आणि भर रस्त्यात रुसून बसे. यावर सतराव्या पुस्तकात उपाय होता. इंजिनात जाणाऱ्या हवेवर पाणी-मिथेनॉलचा बारीक फवारा मारायचा. हवा गार, इंजिन गार, आणि साहेबांच्या हिशेबाने बायकोही गार.

पंप, नळी, नोझल सगळं जमलं. राहिली नळ्या जोडायची तीन फिटिंग्ज. मिथेनॉल साध्या ॲल्युमिनियमला खातं, तेव्हा चांगलं स्टेनलेस स्टीलच घ्या, असं पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं. आता स्टेनलेस ओळखायचं कसं? ते त्या पानावर नव्हतं. ते गॅरेजवाल्याने सांगितलं.

"सोप्पंय साहेब. चुंबक लावा. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर स्टेनलेस."

बस्स! साहेबांनी फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढला, खिशात टाकला आणि थेट फिटिंगचं दुकान गाठलं.

दुकानदार म्हातारा आणि भला माणूस. त्याने तीन जाडजूड एल्बो, म्हणजे काटकोनात वाकवलेले जोड, काउंटरवर मांडले. "हे घ्या. अस्सल स्टेनलेस."

साहेबांनी चुंबक लावला. तो किंचित ओढला गेला. जेमतेमच, पण ओढला गेला.

"अस्सल?" साहेब गालात हसले. "काका, हे लोखंड आहे."

"अहो, वाकवलं की स्टेनलेसही थोडं चुंबक ओढतं..."

"थोडं नाही आणि फार नाही. चुंबक खोटं बोलत नाही." मग त्यांनी काउंटरमागच्या खोक्यात स्वतःच हात घातला आणि एकेक तुकडा तपासायला बसले. तासाभराने त्यांना हवे ते तीन सापडले. हलके, चकचकीत, आणि चुंबकाला अजिबात दाद न देणारे.

"साहेब, ते तर..." दुकानदार म्हणाला.

"तुम्ही राहू द्या हो काका."

दुकानदार राहू देऊन चहा प्यायला गेला. समोरचा माणूस पुस्तक वाचून आलेला असला की तो नेहमी तसंच करत असे.

जोडणी झाली. साहेब एकटेच चढावर जाऊन आले आणि गाडी अशी काही सुसाट गेली म्हणता, की घरी येऊन त्यांनी बायकोसमोर शीळ घातली. पुढे सासूबाईंचं येणं तीन आठवडे लांबलं. गाडीला नजर लागू नये म्हणून साहेबांनी ती तेवढे दिवस झाकून ठेवली. नळ्यांमध्ये मिथेनॉल तसंच भरलेलं. ते बिचारं निवांतपणे आपलं काम करत राहिलं.

अखेर सासूबाई आल्या. पस्तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलेल्या बाई. आवाज खणखणीत, बोलणं थोडक्यात. त्या मागे बसल्या, बायको पुढे बसली, साहेबांनी गिअर टाकला. पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर खडखड सुरू झाली. तिसऱ्या वळणावर गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली.

"विकायची," बायको म्हणाली.

साहेबांनी बॉनेट उघडून एक फिटिंग सोडवलं. आतून पांढरी, चिकट खळ बाहेर आली. नोझल तिनेच गच्च बुजलं होतं. साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चौदा वर्षांचा संसार होता हो तो!

सासूबाई उतरल्या. तुकडा हातात घेऊन त्यांनी तो पुसला, तळहातावर तोलला, मग दगडावर टकटक वाजवला.

"जावईबापू, हे ॲल्युमिनियम आहे."

"शक्यच नाही! चुंबक चिकटत नाही त्याला!"

"चुंबक लाकडालाही चिकटत नाही. ते काय स्टील झालं?"

 साहेबांचं पितळ उघडं पडलं म्हणावं, तर धड पितळही नव्हतं ते.

"वजन बघा, नाद ऐका," सासूबाई म्हणाल्या. "अर्धं आयुष्य मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. चला, कुठंय ते दुकान?"

मिथेनॉलचा पंप बंद करून, गाडी वळवून, सगळे उतारावरून हळूहळू दुकानात आले. तिथे सासूबाईंनी एकेक एल्बो काउंटरवर वाजवायला सुरुवात केली. दुकानदार आधी चमकला, मग स्टूल ओढून शेजारी बसला. "ऐका, ऐका," तो साहेबांना म्हणाला, "याला म्हणतात गिऱ्हाईक!" नाद पसंत पडला तो नेमका त्या तीन जाडजूड एल्बोंचा. साहेबांनी रस्त्यावरच मिथेनॉलची टाकी आणि नळ्या धुतल्या, नोझल साफ केलं, नवी जोडणी केली. त्या वेळी त्यांनी मान काही वर केली नाही.

"आता तरी एकदा चढावर नेऊ या का?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबली तर विकायची, असं ठरलं होतं," बायको म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

"बरोबर आहे, ठरल्याप्रमाणे विकायचीच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "मी घेतली. आणा किल्ली."

"आई!"

"काय आई? दुकानाचा टेम्पो काय तुझे बाबा चालवायचे?"

साहेब मागच्या सीटवर बसले. गाडीने पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं तर असं घेतलं की बायकोने डोळे मिटून दाराची कडी धरली. माथ्यावर पोचल्यावर सासूबाईंनी इंजिन बंद न करताच आरशातून मागे पाहिलं. त्यांचे गाल लाल झाले होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "याच्याहून मोठा पंप मिळतो का हो?"

"मिळतो की!" साहेब ताडकन पुढे सरकले. "सतराव्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे त्यावर!"

बायकोने एकदा आईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप पट्टा आणखी आवळला.