बद्द वाजणारी वाटी

आमच्याकडे येणारी माणसं पाणी पितात आणि भांडं खाली ठेवतात. ताम्हणकरकाका रिकामं भांडं पाच बोटांच्या टोकांवर तोलतात आणि काठाला नखाने टिचकी मारतात. मग भांडं कानाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच, खणखणीत किंवा बद्द. गेली दोन वर्षं जगातली प्रत्येक वस्तू बद्द निघतेय.

"सगळी भेसळ," काका म्हणतात. "धातू खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

आता हे वाक्य मी माझ्याच घरात, माझ्याच भांड्यांबद्दल किती वेळा ऐकून घ्यायचं?

ह्यांची इथे बंगालात, खिदिरपूरला कस्टम्समध्ये बदली झाली तेव्हापासून आम्ही पहिल्या मजल्यावर आणि काका दुसऱ्या. अख्ख्या इमारतीत मराठी दारं ही दोनच, त्यामुळे भांडायलाही तेच आणि दिवाळीत चिवडा द्यायलाही तेच. काका इथल्याच एका फाउंड्रीत आयुष्यभर धातुतज्ज्ञ होते, त्यामुळे विषय दुसरा नाही. आणि तोरा केवढा! चिवडा घेऊन वर जावं तर दार उघडायचं नाही. तीन-तीनदा बेल दाबायची, मग दार हाताने बडवायचं, तेव्हा कुठे साहेब खुर्चीतून उठणार.

एकदा मी लोखंडी तव्याबद्दल काहीतरी विचारायची चूक केली. पाऊण तास गेला माझा. धातूत म्हणे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, सगळ्यांचे सामाईक असतात. म्हणून ठोकलं तरी अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण साथ सोडत नाहीत. पत्रा होतो, तुकडे होत नाहीत. तांब्यात कथील मिसळलं की वेगळ्या मापाचे अणू मधे येऊन बसतात, थरांना सरकणं अवघड जातं, म्हणून कासं कडक. टिचकी मारली की वाजतच राहतं. जस्त मिसळलं की पितळ, ते लवकर गप्प बसतं. सामाईक म्हणे! आमच्या इमारतीत पाण्याची टाकी सामाईक आहे. तिथे कोण कुणाची साथ सोडत नाही ते मी रोज सकाळी बघते.

तळमजल्यावरच्या दासबाबूंच्या नातीचं अन्नप्राशन होतं. बाळाच्या मामाने काशाचं ताट आणि वाट्या आणल्या होत्या, चांगल्या लखलखीत. काकांनी भर पंगतीत त्यातली वाटी उचलली, टिचकी मारली आणि जाहीर केलं, "एटा पितोल." म्हणजे हे पितळ. मामाचा चेहरा एवढासा झाला. मी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत माफी मागत फिरले आणि काका मजेत मिष्टी दोई, म्हणजे ते गोड दही, खात बसले. ते मातीच्या भांड्यात होतं म्हणून, नाहीतर तेही वाजवलं असतं.

घरच्या वस्तूंनाही सोडत नाहीत. त्यांच्या देवघरात काकूंची घंटा आहे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि थोड्याच दिवसांत काकांनी घंटेला आतून चीर गेली असं ठरवलं. चीर कुणाला दिसत नाही, पण काकांना ऐकू येते! तेव्हापासून घंटा फडक्यात गुंडाळलेली.

इथवर मी सोसलं. पण त्यांनी आईच्या वाटीला हात लावला आणि माझं डोकं फिरलं.

माझी आई ऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. तिच्या तळपायांची फार आग होते. रोज संध्याकाळी मी तिचे पाय मांडीवर घेते आणि तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासते. तळवे काळे झाले की आई म्हणते, "निघाली बघ उष्णता," आणि मग तिला शांत झोप लागते. ती वाटी तिला तिच्या आईने लग्नात दिली. माझी आजी चार घरी पोळ्या लाटायची आणि त्यातून तिला लेकीला देता आली ती ही एवढी एकच वस्तू.

काकांनी ती बोटांवर तोलली, टिचकी मारली आणि आईच्या तोंडावर सांगितलं, "पितळ आहे हो. दुकानदाराने फसवलं तुमच्या आईंना."

दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन बसले तर आईने पाय आखडून घेतले. म्हणाली, "राहू दे गं. फसवलंच असेल तिला. तिला कुठे काय कळत होतं." चार दिवस तिने वाटीला हात लावू दिला नाही. पायांची आग होतच होती, पण तिला लागलं होतं ते भलतीकडेच.

पाचव्या दिवशी मी वाटी पर्समध्ये टाकली आणि सियालदहला गेले. तिथल्या एका जुन्या भांड्यांच्या दुकानात म्हातारे मालक बसतात. त्यांनीही वाटी तशीच बोटांवर तोलून टिचकी मारली. बाहेर एवढी गर्दी, हमालांची आरडाओरड, तरी वाटी वाजत राहिली. "खांटी काँशा, दीदी," ते म्हणाले. अस्सल कासं! आणि विकणार का, तेही विचारलं.

तशीच तणतणत परत आले आणि काकांचं दार बडवलं. त्यांनी बस म्हटलं, मी बसले नाही. त्यांच्यासमोर वाटी बोटांवर धरली आणि मारली टिचकी.

"बद्द," काका म्हणाले.

मी पुन्हा मारली, चांगली जोरात. वाटी नुसती घुमत होती आणि हा माणूस नकारार्थी मान हलवत होता. मग मात्र माझा तोल गेला.

"कान फुटलेत का तुमचे?"

काका चिडले नाहीत. ते माझ्या बोटांकडे बघत होते, मग माझ्या चेहऱ्याकडे. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अजून वाजतेय?"

"वाजतेय," मी म्हणाले.

काका खुर्चीत बसले. ती सगळी बद्द भांडी, ती न ऐकलेली बेल, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं, बारीक नाद तेवढा पोहोचत नव्हता. जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं मला. मग ते म्हणाले, "तुझ्या आईंना सांग, कासंच आहे. आजींना कुणी फसवलेलं नाही. धातू खरंच बोलत होता. नाही, मीच येतो सांगायला."

मग उठून ते देवघरात गेले आणि फडक्यातली घंटा घेऊन आले. त्यांनी फडकं सोडवलं. काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा होता तो.

"हिलाही चीर नसेल मग," ते म्हणाले. "तुझी काकू रोज पहाटे वाजवायची, मी झोपेतून शिव्या घालायचो. तू वाजव. आणि थांबली की सांग मला."

मी घंटा वाजवली. काका डोळे मिटून उभे होते. घंटा वाजत राहिली, मग बारीक होत होत थांबली. मी काही सांगितलं नाही.