बाळाचं पहिलं दुपटं

पलंगाखालच्या गाठोड्यात राजेंद्रला काय दिसावं? जुन्या सुती कापडाचे मऊसूत तुकडे. वाळूजच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या माणसाला असं कापड म्हणजे सोनंच. स्टोअरमधून मिळणाऱ्या चिंध्या असायच्या नायलॉनच्या. त्या तेल पुसायच्या कमी आणि पसरवायच्या जास्त. बायको मेघाचे दिवस भरत आलेले, सासूबाई सत्यभामाबाई बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या. दोघींची झोपमोड नको, असा शहाण्यासारखा विचार करून तो न विचारताच गाठोडं घेऊन सकाळच्या पाळीला गेला. तिथं त्यानं निम्म्या खात्याला ते वाटूनही टाकलं. त्या दिवशी मशिनी कशा आरशासारख्या चमकत होत्या, हे त्याला आजही आठवतं.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. कळा सुरू झाल्या म्हणून मेघाला शेजाऱ्याच्या रिक्षातून शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं.

"जावईबापू, येताना पलंगाखालचं गाठोडं तेवढं आना. घाईत ऱ्हाऊन गेलं. मेघीच्या आज्जीचं लुगडं हाय ते. लेकराला पयल्यांदा त्याच्यातच घ्यायचं, लई मनात हाय तिच्या."

राजेंद्रनं समोर पाहिलं. आज्जीच्या लुगड्याचा एक तुकडा ग्रीसनं काळाभोर होऊन लेथच्या दांड्यावर लोंबत होता. बाप होण्याचा आनंद बाजूलाच राहिला. आज्जी गेल्यावर मेघानं ते लुगडं जिवापाड जपलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. तिनं त्याची दुपटी कधी केली, तेवढंच ठाऊक नव्हतं.

वाटेत त्यानं अक्कल चालवली आणि बाळासाठी नवाकोरा, भारीतला कपड्यांचा संच घेतला. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून पाहिला. बारशाआधी लेकराच्या अंगाला नवं कापड लावत नसतेत, जुनं धडुतंच लागतं, हे कुणी शिकवलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मग गाठोड्याची चौकशी झाली.

"ते जरा कामात आहे," राजेंद्र म्हणाला. हे काही अगदीच खोटं नव्हतं.

एव्हाना खुलताबादेहून त्याचे वडील पुंजाराम येऊन बसले होते. डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या रुमालाशिवाय त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि इथं तर समोर विहीणबाई. तेवढ्यात नर्सनं दार उघडून मुलगी झाल्याचं सांगितलं आणि कापड मागितलं. राजेंद्र हातातलं हेल्मेट चाचपायला लागला. पुंजारामांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोक्याचा रुमाल सोडला.

"सकाळीच धुऊन बांधलाय. वापरून वापरून लोन्यावानी झालाय. घ्या."

रुमाल आत गेला आणि बाहेर पुंजारामांचं लख्ख टक्कल उरलं. विहिणीपुढं बोडक्यानं बसायचं कसं? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, लेकाच्या हातातलं हेल्मेट ओढून घेतलं, डोक्यावर चढवलं, पट्टाही लावला आणि बाकावर ताठ बसून राहिले.

थोड्या वेळानं रुमालात गुंडाळलेली पोर राजेंद्रच्या हातात आली. मुठीएवढा चेहरा, आणि डोकं थेट आजोबांसारखं. राजेंद्रला रडू फुटलं. ते त्यानं आवरलंही नाही.

तो पोरीला घेऊन आत गेला, तेव्हा मेघानं मात्र पहिल्यांदा कापडच पाहिलं. "आज्जीचं लुगडं कुठंय?" ती पुटपुटली. राजेंद्रनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर दाराबाहेर गेली. धोतर नेसलेले, हेल्मेट घातलेले सासरे मांडीवर हात ठेवून गंभीरपणे बसले होते. ती पोट धरून अशी हसायला लागली, की नर्सनं तिला दटावलं. लुगड्याचा विषय तिथंच राहिला.

आता ती पोर, श्रेया, अकरावीत आहे. पुंजाराम जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा रुमाल मेघाच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात असतो. लुगड्याबद्दल ती पुन्हा एका शब्दानं बोलली नाही. ती विसरली, आपण सुटलो, असं राजेंद्र इतकी वर्षं धरून चालला होता.

परवा मेघाचा भाऊ शिवराज बाप व्हायचा होता. मेघानं ट्रंक उघडली, रुमाल काढला, क्षणभर गालाला लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"दवाखान्यात नेऊन द्या," ती म्हणाली. "पण सरळ जा. मधी कंपनीत नाय जायाचं."