नानांनी दिलेले गुण

नानांसमोर कुणी “बरं चाललंय” म्हटलं, की ते लगेच विचारत, “मोजेल शे का?” म्हणजे, मोजून पाहिलंय का?

साक्रीजवळच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. नाना सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे. हातात खुणा कोरलेली काठी. ती गटारीत बुडवून गाळ किती बोटं चढला ते बघायचे. नळ किती वेळ चालला, बंद दिवा कितव्या दिवशी लागला, सगळं वहीत लिहायचे. मग भर ग्रामसभेत उठून सरपंच सुनंदाताईंना शंभरपैकी गुण द्यायचे. तीन वर्षांत ताई एकदाही पास झाल्या नाहीत.

ताई थेट गावाच्या मतांनी निवडून आलेल्या. सदस्यांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला, तेव्हा त्यांना ठेवायचं की काढायचं हेही गावानेच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. सभेला दोन्ही गट बाह्या सरसावून बसलेले. दाराशी पोलीस.

“बाईंनी गावाचं वाटोळं केलं!” उपसरपंच ओरडले. आधीचे सरपंच तेच. “माझं नका ऐकू, नानांना विचारा!”

मला वाटलं, वही उघडली की ताई गेल्याच.

नाना उठले. “गटारी नापास. दिवा नापास.”

टाळ्या पडल्या. ताईंनी मान खाली घातली.

“पानी पहिले आठमे दिन ये. आते एक दिन आड येस. पास.”

“बस झालं, नाना!” कुणीतरी वहीवर झडप घातली. नानांनी ती छातीशी धरली.

“हाई बाईले बत्तीस. नापासच शे.” मग उपसरपंचांकडे बोट. “याले अठरा देयेल व्हतात.”

लोक चिठ्ठ्या टाकायला उठले. चिठ्ठ्या मोजल्या, ताई थोडक्यात वाचल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास नाना ओट्यावर बसलेले दिसले. नजर रस्त्यावर, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

“भाऊ, बाई ऊनी नही. दर सभा झायी का सकायमाच मना घर भांडाले येस. बत्तीसच दिधात ना मी? राग नही ऊना का तिले?”

“अहो, तुमच्यामुळे तर वाचल्या त्या. आता कशाला भांडतील?”

नानांचा चेहरा उतरला.

“मंग मना घर कोन यी?”