फुटक्या कपांचं दमास्कस

आमच्या टार्निटच्या गल्लीत कोणाच्या घरी कप फुटला, की फोडणाऱ्यावर ओरडायच्या आधी लोक चांदोरकरकाकांना फोन करतात. काका पाच मिनिटांत पिशवी घेऊन हजर. "निळं काही फुटलंय का गं?" असं त्यांनी दारातून विचारलं, की माझी मुलगी आत ओरडते, "बाबा, प्लेट अंकल इज हिअर!"

काकांनी पुण्यात तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. आता ते इथे परदेशात मुलाकडे असतात. मुलगा-सून सकाळी सातला निघतात, ते अंधार पडल्यावरच उगवतात. मधल्या वेळात काका गॅरेजच्या भिंतीवर दमास्कसची मोठी मशीद करतात. म्हणजे तिच्या अंगणातल्या भिंतीवरचं तेराशे वर्षांपूर्वीचं चित्र: नदी, काठाने उंच झाडं, मागे महाल, सगळं बारीक तुकडे जोडून. दमास्कस त्यांनी पाहिलेलं नाही. शाळेच्या लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात हे चित्र दिसलं, तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात बसलंय.

सोनेरी तुकड्यांसाठी ते मिठाईच्या खोक्याचा चकचकीत कागद दोन काचांमध्ये चिकटवतात. "तुकडा जरा खाली कलता बसवायचा. खाली उभ्या माणसाच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे." त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे दिवाळीत आम्ही त्यांना रिकामी खोकीच नेऊन देतो.

गॅरेजभर काचा, पण चपला बाहेर काढायच्या. मशिदीत चपला नाहीत, नियम म्हणजे नियम!

मी एकदा विचारलं, "काका, एवढे महाल, आणि माणूस एकही नाही?"

"मूळ चित्रातच नाही. माणूस नाही, पक्षी नाही. नियम म्हणजे नियम." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "आपली गल्ली तरी काय वेगळी आहे? घरं बघ केवढी. दुपारी दिसतं का कोणी? बस, चहा टाकतो."

"नेक्स्ट टाइम, काका. मीटिंग आहे." मी घरून काम करतो, आणि दर वेळी हेच सांगून सटकतो.

"नो वरीज," काका म्हणतात. हे ते इथे येऊन शिकले.

गेल्या आठवड्यात भिंत पुरी झाली, म्हणून त्यांनी बोलावलं. खरंच देखणी झाली होती. मी वाकून बघत होतो, तर खालच्या कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान घराच्या दारात दोन निळे तुकडे शेजारी शेजारी दिसले. त्यांवर लाल पट्टे.

माझ्या चपला. तशाच्या तशा गॅरेजबाहेरही काढलेल्या होत्या.

"काका, नियम मोडलात!"

"कुठे मोडला? माणूस काढलाय का मी? तो आत बसलाय. चहा पितोय."

मला लाज वाटली. मी फोन काढला आणि मीटिंगला जमणार नाही म्हणून कळवलं. मान वर केली तेव्हा काका आधण ठेवायला आत गेलेसुद्धा होते.